नवीन प्लग वायर टाकूनही गाडी मिसिंग करते? या क्रमाने तपासा

मिसिंगची, म्हणजे एखाद्या सिलिंडरमधलं इंधन मधूनमधून न पेटण्याची, तक्रार घेऊन येणाऱ्या पेट्रोल गाड्यांत एक प्रकार वरचेवर दिसतो. प्लग वायरचा (कॉइलकडून स्पार्क प्लगपर्यंत करंट नेणाऱ्या जाड रबरी वायरचा) सेट बदललेला असतो, काही महिने गाडी छान चालते आणि मग तेच झटके परत सुरू होतात. मालक म्हणतो, वायर डुप्लिकेट निघाल्या. कधी कधी तसं असतंही. पण बहुतेक वेळा पहिल्या वायर ज्या कारणाने खराब झाल्या, ते कारण तिथेच राहिलेलं असतं आणि नव्या वायरही त्यालाच बळी पडतात. म्हणून खाली वायर बदलायची पद्धत दिली आहेच, पण जास्त भर त्याआधीच्या तपासण्यांवर आहे.

लक्षणं

- आयडलिंगला इंजिन थरथरतं आणि सायलेन्सरमधून एकसारख्या आवाजाऐवजी मध्येच फट-फट असा तुटक आवाज येतो.
- वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात ॲक्सिलरेटर दाबला की झटके बसतात. चढावर आणि गाडी भरलेली असताना जास्त.
- पावसात, दमट सकाळी किंवा इंजिन धुतल्यावर त्रास वाढतो, इंजिन तापल्यावर कमी होतो.
- सीएनजी किंवा एलपीजीवर गाडी झटके खाते, पेट्रोलवर टाकली की बरी चालते.
- चेक इंजिनचा दिवा लागतो. स्कॅनरवर पी०३०० (कुठल्याही सिलिंडरचं मिसिंग) किंवा पी०३०१ ते पी०३०४ (शेवटचा आकडा सिलिंडरचा) यांपैकी कोड दिसतो.
- एव्हरेज घटतं, सायलेन्सरच्या धुराला न जळलेल्या पेट्रोलचा वास येतो.
- रेडिओवर, विशेषतः एएमवर, खरखर येते आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर तिचा सूर चढतो.

यातली दुसऱ्या ते चौथ्या क्रमांकाची लक्षणं मी सगळ्यात महत्त्वाची मानतो. ठिणगीला प्लगच्या दोन टोकांमधली फट ओलांडावी लागते आणि सिलिंडरमध्ये दाब जितका जास्त, तितकं त्यासाठी व्होल्टेज जास्त लागतं. आयडलिंगला दाब कमी असतो, त्यामुळे थकलेली वायरही काम भागवते. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता तेव्हा सिलिंडर हवेने भरतो, दाब वाढतो, कॉइलला (बॅटरीचं व्होल्टेज ठिणगीसाठी वाढवणाऱ्या भागाला) व्होल्टेज वर न्यावं लागतं आणि मग करंट सोपी वाट शोधतो. वायरच्या रबराला बारीक तडा असेल, तर तिथून तो थेट इंजिनच्या धातूत उतरतो. प्लगपर्यंत काहीच पोचत नाही. गॅसवर चालणाऱ्या गाडीत मिश्रण पेटवायला मुळातच जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून तिथे हा दोष आधी उघडा पडतो. ओलाव्याचंही तसंच: तड्यावर पाण्याचा पातळ थर बसला की गळतीला आयती वाट मिळते.

उलट, झटके फक्त आयडलिंगला असतील आणि दाबल्यावर गाडी मोकळी होत असेल, तर वायरच्या मागे लागण्याआधी व्हॅक्यूमचे पाइप बघा. कुठूनतरी जादा हवा आत जात असण्याची शक्यता तिथे जास्त.

आधी दोन गोष्टी

तुमच्या इंजिनाला प्लग वायर आहेत का, ते बघा. आजच्या बऱ्याच गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसवलेली असते आणि जाड रबरी वायर नसतेच. तिथे दिसणारी बारीक वायर आणि प्लास्टिकचा कनेक्टर ही वेगळी गोष्ट आहे. हा लेख डिस्ट्रिब्युटर (फिरत्या रोटरने एकेका प्लगला करंट वाटणारा भाग) असलेल्या जुन्या गाड्यांसाठी आणि एका कॉइल पॅकमधून (एकत्र बसवलेल्या कॉइलच्या डब्यातून) वायर निघणाऱ्या गाड्यांसाठी आहे.

दुसरं, चेक इंजिनचा दिवा नुसता लागलेला आहे की लुकलुकतोय? लुकलुकत असेल तर गाडी पुढे दामटू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन तिथे पेटतं, कन्व्हर्टर लालबुंद तापतो आणि आतली जाळी वितळते. वायरच्या सेटच्या तुलनेत त्याची किंमत कितीतरी पट असते.

आणि सुरक्षिततेचं इथेच सांगतो. या वायरमधून २० हजार ते ४० हजार व्होल्ट जातात. चालू इंजिनाची वायर हाताने उपटून ‘कुठला सिलिंडर मेलाय’ ते बघायची जुनी सवय अनेकांना असते. ती सोडा. झटका बसतोच, शिवाय करंटला जायला वाट उरली नाही की कॉइलच्या आतलं इन्सुलेशन फुटू शकतं. सिलिंडर ओळखायचा असेल तर त्याच्या इंजेक्टरचा कनेक्टर काढून बघा. पेसमेकर बसवलेल्या माणसाने चालू इंजिनाच्या या भागाजवळ जाऊच नये.

१. बूट दाबून बघा

इंजिन बंद आणि थंड. प्रत्येक वायरचं रबरी टोक, म्हणजे बूट, प्लगकडून आणि कॉइलकडून अंगठ्याने सरळ दाबा. ‘टक्’ असा आवाज आला तर ते आधी नीट बसलेलं नव्हतं. याला पैसा लागत नाही, पण एवढ्यानेच सुधारलेल्या गाड्या थोड्या नाहीत, खासकरून नुकतीच सर्व्हिस झालेल्या. अर्धवट बसलेल्या बुटात धातूची टोकं एकमेकांना टेकत नाहीत, मधल्या फटीत सतत ठिणगी पडत राहते आणि टोक जळून काळं होतं. त्यामुळे बूट दाबल्यावर गाडी सुधारली तरी ती वायर एकदा काढून आतलं टोक बघा.

खोल विहिरीत (इंजिनाच्या हेडमधल्या खोल भोकात) बसणाऱ्या प्लगवर आणखी एक फसवणूक होते. आत अडकलेली हवा बुटाला परत वर ढकलते. बूट बसवताना त्याची कड किंचित उचलून हवा बाहेर जाऊ दिली की तो जागेवर राहतो.

२. वायरचा रस्ता बघा

वायर कुठून कुठे जाते, ते टॉर्च घेऊन पूर्ण लांबीभर बघा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या गरम नळ्यांना) टेकलेली आहे का? कुठे कडक, चकचकीत किंवा राखाडी-पांढरा डाग पडलाय का? उंदराने कुरतडलंय का? प्लास्टिकच्या क्लिपा तुटून वायर एकमेकींवर पडल्यात का?

क्लिपांना कोणी फारशी किंमत देत नाही, पण त्यांना दोन कामं असतात. एक, वायर गरम भागापासून दूर ठेवणं. दुसरं, वायर एकमेकींपासून वेगळ्या ठेवणं. दोन वायर लांबवर एकमेकींना चिकटून समांतर गेल्या, तर एकीतल्या करंटमुळे दुसरीत व्होल्टेज तयार होतं आणि चुकीच्या वेळी चुकीच्या प्लगवर ठिणगी पडू शकते. लागोपाठ पेटणारे दोन सिलिंडर शेजारी असतील तर हा धोका जास्त.

नवा सेट टाकूनही दोष परत आलाय, अशी गाडी आली की मी आधी इथेच बघतो. बऱ्याचदा जुन्या क्लिपा फेकून दिलेल्या असतात आणि नवी वायर मॅनिफोल्डवर आरामात पहुडलेली असते.

३. क्रम तपासा

वायर बदलल्याबरोबर मिसिंग सुरू झालं असेल तरच याची गरज. एका रांगेतल्या चार सिलिंडरच्या बहुतेक इंजिनांचा पेटण्याचा क्रम १-३-४-२ असतो. पण पहिला सिलिंडर कोणता आणि डिस्ट्रिब्युटरचा रोटर कोणत्या दिशेने फिरतो, हे मॅन्युअलमध्ये बघा, अंदाजाने ठरवू नका. दोन वायरची अदलाबदल झालेली असेल तर इंजिन जोरात हादरतं आणि कधी इनटेककडून ठसका दिल्यासारखा आवाज येतो.

४. अंधारात पाण्याचा फवारा

ही तपासणी मला मल्टिमीटरपेक्षा जास्त भरवशाची वाटते, कारण इथे वायरवर खरं व्होल्टेज असतं. अंधारात, पण हवा खेळती असलेल्या जागी इंजिन चालू करा. आधी नुसतं बघा आणि ऐका. मग स्प्रे बाटलीने स्वच्छ पाण्याचा अगदी बारीक फवारा, धुक्यासारखा, वायरवर आणि बुटांवर सोडा. निळसर ठिणगी धातूकडे उडताना दिसली, टिकटिक ऐकू आली किंवा फवारा पडताच इंजिन अडखळलं, तर गळतीची जागा सापडली.

सैल बाही, ओढणी, लांब केस, अंगठी, कडं यांपैकी काहीही पंख्याजवळ आणि बेल्टजवळ जाता कामा नये. अल्टरनेटरवर आणि बाकीच्या कनेक्टरवर पाणी मारू नका. पेट्रोलचा किंवा गॅसचा वास येत असेल तर ही तपासणी करूच नका. आधी ती गळती शोधा.

५. एक वायर काढून आत बघा

इथून पुढे हात घालायचाय, म्हणून काढायची पद्धत. इंजिन पूर्ण थंड हवं, चावी काढलेली हवी. एका वेळी एकच वायर. चारही एकदम काढल्या की क्रमाचा गोंधळ झालाच म्हणून समजा. काही कारणाने सगळ्या काढाव्या लागल्या, तर चिकटपट्टीवर आकडे लिहून दोन्ही टोकांना लावा आणि फोटो काढून ठेवा.

वायर धरून ओढू नका. आतला कार्बनचा धागा नाजूक असतो आणि तो टोकाजवळच तुटतो. बाहेरून काहीच कळत नाही. बूट धरा, आधी अर्धा वेढा डावीकडे, अर्धा उजवीकडे फिरवा, म्हणजे चिकटलेलं रबर सुटतं. मग सरळ वर ओढा. हात पोचत नसेल तर बूट काढायची खास पक्कड मिळते, तिच्या जबड्यांना प्लास्टिकचं आवरण असतं. साध्या पकडीने रबर चिरतं.

बुटाच्या आत काय दिसतं, त्यावर पुढचं ठरतं.

तेल दिसलं तर थांबा. प्लगच्या विहिरीत वरून तेल उतरतंय, म्हणजे व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट किंवा विहिरीच्या तोंडाशी असलेली सील गेली आहे. तेलाने रबर फुगतं, मऊ पडतं आणि त्याची करंट अडवायची ताकद जाते. अशा इंजिनात नव्या वायर टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. आधी सील बदला, विहीर पुसून कोरडी करा, मगच वायर. ‘नवीन वायर टिकत नाहीत’ या तक्रारीचं मला सर्वांत जास्त वेळा सापडलेलं कारण हेच आहे.

पाणी किंवा गंज दिसला तर इंजिन धुताना पाणी आत गेलंय किंवा बुटाची वरची कड फाटली आहे. हिरवी-पांढरी भुकटी जमलेलं टोक घासून तात्पुरतं चालवता येतं, पण ती वायर बदलायच्या यादीत धरा.

बुटाच्या आतल्या भिंतीवर किंवा प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी बारीक रेघ दिसली, तर तो करंटने पाडलेला रस्ता आहे. ती पुसून उपयोग नाही. आणि अशा वेळी प्लग आणि वायर दोन्ही बदलावे लागतात. एकच बदललं, तर जुन्यावरची रेघ नव्यावर तशीच रेघ उमटवते.

६. मल्टिमीटर

वायर दोन्हीकडून काढून किलो-ओहमच्या रेंजवर मोजा. मोजताना वायर हळूहळू वाकवत राहा. आकडा स्थिर राहायला हवा. तो उडत असेल किंवा मीटर ‘ओएल’ (रेंजच्या बाहेर) दाखवत असेल, तर आतला धागा तुटलाय.

आकडा किती असावा, हे वायरच्या प्रकारावर आणि लांबीवर ठरतं. कार्बन धाग्याच्या वायरला काही किलो-ओहम ते वीसेक किलो-ओहम इतका रोध असतो. काही जपानी गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये एका वायरला २५ किलो-ओहम ही कमाल मर्यादा दिलेली असते. तारेचं वेटोळं असलेल्या वायरचा रोध यापेक्षा खूप कमी असतो आणि तो दोष नव्हे. लांब वायरचा आकडा जास्त येणारच, म्हणून लांबीच्या हिशेबात तुलना करा. सेटमधली एखादी वायर बाकीच्यांपेक्षा फटकून वागत असेल, तर संशय तिच्यावर.

मात्र मीटरमध्ये आकडा बरोबर आला म्हणून वायर निर्दोष ठरत नाही. मीटर अवघ्या काही व्होल्टवर मोजतो. रबराला गेलेला तडा त्याला दिसत नाही. मीटर फक्त तुटलेला धागा पकडतो, गळती पकडायला वरचा फवाराच.

७. अदलाबदल

स्कॅनरवर पी०३०२ येत असेल तर दोन नंबरची वायर आणि तीन नंबरची वायर, लांबी पुरत असेल तर, आपापसांत बदला. वायर बदलायची आहे, तिची जोडणी नाही: दोन नंबरचा प्लग कॉइलच्या दोन नंबरच्याच टोकाला जोडलेला राहिला पाहिजे. कोड पुसा, गाडी चढावर फिरवून आणा. कोड आता पी०३०३ झाला तर दोष वायरमध्ये आहे. दोनवरच राहिला तर वायर सोडा आणि त्याच पद्धतीने प्लग हलवून बघा.

कॉइल पॅकच्या गाड्यांत एक खोच आहे. तिथे एक कॉइल दोन सिलिंडरना मिळून करंट देते, चार सिलिंडरमध्ये साधारण १ आणि ४ ची जोडी, २ आणि ३ ची जोडी. दोन्ही प्लग आणि दोन्ही वायर एकाच साखळीत असतात. म्हणून पी०३०१ आणि पी०३०४ एकत्र आले की लगेच ‘कॉइल गेली’ असं म्हणतात, पण जोडीतली एक वायर तुटली तरी दोन्ही सिलिंडर अडखळू शकतात. आधी वायर मोजा, मग कॉइलवर खर्च करा.

८. प्लग, कॅप, रोटर

प्लग झिजून त्याची फट वाढली की तीच ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं आणि तो ताण वायरवर येतो. जुन्या प्लगवर नवी वायर टाकली की ती लवकर जाते, हे त्याचंच फळ. फट मॅन्युअलप्रमाणे ठेवा. अनेक गाड्यांत ती ०.८ ते १.१ मिलिमीटरच्या दरम्यान असते. प्लग काढण्याआधी विहिरीतली धूळ हवेने उडवा, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये पडते.

डिस्ट्रिब्युटर असेल तर कॅप उघडून तडे, आतल्या पितळी-ॲल्युमिनियमच्या टोकांवरची पांढरी साय आणि मधलं कार्बनचं बटण बघा. चारही सिलिंडर सारखेच अडखळत असतील तर कॉइलकडून कॅपच्या मध्यावर येणारी वायर आधी तपासा, कारण सगळ्यांचा करंट तिच्यातूनच जातो.

नवा सेट बसवताना

नव्या वायर जुन्यांशेजारी ठेवून लांबी जुळवा. सगळ्यात लांब वायरपासून सुरुवात करा आणि एक काढली की तिच्या जागी तिची जोडीदार लगेच बसवा. बुटाच्या आतल्या रबराला डायलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात द्या. त्यामुळे ओलावा अडतो आणि पुढच्या वेळी बूट सहज निघतो. ग्रीस करंट वाहत नाही, म्हणून धातूच्या टोकात ते कोंबू नका.

प्लगही बदलत असाल तर पहिले आटे हाताने, किंवा प्लगच्या डोक्यावर रबरी नळीचा तुकडा बसवून फिरवा. आटे वाकडे चढले तर नळी नुसती घसरते, पाना मात्र आटे कापत पुढे जातो. १४ मिलिमीटर आट्याच्या, वॉशर असलेल्या प्लगला ॲल्युमिनियम हेडमध्ये साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर पुरतात. तुमच्या मॅन्युअलमधला आकडा वेगळा असेल तर तोच खरा.

प्रत्येक टोकाला ‘टक्’ जाणवलं पाहिजे. क्लिपा परत लावा, तुटलेल्या असतील तर नव्या घ्या. इंजिन चालू करून आयडलिंग ऐका, मग गाडी चढावर नेऊन वरच्या गिअरमध्ये दाबून बघा. मोकळ्या रस्त्यावर बरी चालली, एवढ्याने काम झालं असं धरू नका.

इथे थांबा आणि मेकॅनिकला बोलवा

प्लग फिरता फिरता मध्येच घट्ट झाला तर जोर लावू नका. ॲल्युमिनियम हेडचे आटे निघाले की ते काम घरचं राहत नाही. बूट तुटून विहिरीत राहिला आणि साध्या चिमट्याने येत नसेल, तेव्हाही. आडव्या बसवलेल्या व्ही६ इंजिनात मागच्या रांगेतल्या वायरसाठी बऱ्याचदा इनटेक मॅनिफोल्ड उतरवावं लागतं. नवं गॅस्केट आणि टॉर्क पाना हाताशी नसेल तर त्यात शिरू नका.

वायर, प्लग आणि कॉइल तिन्ही ठीक निघूनही मिसिंग त्याच सिलिंडरवर राहिलं, तर प्रश्न ठिणगीचा उरलेला नाही. कॉम्प्रेशन, इंजेक्टर, व्हॉल्व्ह किंवा टायमिंग बघावं लागेल. त्यासोबत कूलंट कमी होत असेल किंवा सायलेन्सरमधून इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय धरा आणि गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या.

गॅरेजमध्ये जाताना कोड, कुठल्या वायर आपापसांत बदलून पाहिल्या आणि त्यानंतर कोड हलला की नाही, एवढं कागदावर लिहून द्या. जुन्या वायर आणि प्लग फेकले नसतील तर तेही सोबत ठेवा, सिलिंडरच्या आकड्यासकट.